घाटात शिरण्याआधी डॅशबोर्ड वाचा

जुलैतल्या कुठल्याही रविवारी गगनबावड्याच्या अलीकडे हे दृश्य हमखास दिसतं. बाहेर धो धो पाऊस, गाडीत पाच माणसं, सगळ्यांचे कपडे ओलेचिंब, काचा बंद. समोरची काच आतून पांढरी झालेली. चालक एका हाताने स्टिअरिंग धरून दुसऱ्या हाताने फडकं फिरवतोय, शेजारचा आपल्या बाजूची काच पुसतोय, आणि पुसलेली जागा मिनिटभरात पुन्हा धुरकट होतेय. एसी मात्र बंद. ‘आधीच गारठा, त्यात एसी कशाला?’ असं म्हणून तो कुणीतरी घालवलेला असतो. वळणावळणाच्या रस्त्यावर समोरून एसटी येते तेव्हा ती दिसते ती फडक्याने केलेल्या टीचभर भोकातून.

पाच माणसांच्या श्वासातली आणि ओल्या कपड्यांतली वाफ थंड काचेवर जमते, एवढंच या पांढरेपणाचं कारण. एसीचं काम फक्त गारवा देणं नाही, तो हवेतला दमटपणाही काढून घेतो. म्हणून पावसात काच साफ ठेवायला एसी लागतोच. डॅशबोर्डवर काचेचा आकार आणि त्यावर वर जाणारे तीन वाकडे बाण असं चिन्ह असतं, ते दाबावं. एसी चालू, पंखा वाढवलेला आणि तापमानाचा खटका थोडा गरमकडे. आणखी एक गोष्ट बहुतेकांकडून राहते: गाडीच्या आकारात गोल वळलेला बाण असलेलं बटण बंद करावं. ते चालू असलं की आतलीच दमट हवा फिरत राहते, बाहेरची ताजी हवा येत नाही. एवढं केलं की काच बघता बघता स्वच्छ होते आणि आतल्या माणसांना गारठाही वाजत नाही.

कधी उलटही घडतं. एसी फार थंड ठेवला की बाहेरच्या दमट हवेतली वाफ काचेच्या बाहेरच्या बाजूला धरते. काचेवर आतून बोट ओढून पाहावं. रेघ उमटली तर वाफ आत आहे, नाही उमटली तर बाहेर. बाहेर असेल तर वायपरचा एक फेरा आणि एसीचा गारवा कमी करणं पुरतं. मागच्या काचेवर आडव्या बारीक तारा असतील तर त्या काच तापवण्यासाठी आहेत. त्यांचं बटण वेगळं असतं, चौकोनी काचेच्या चिन्हाचं. त्या तारांवरचे स्टिकर ब्लेडने खरवडू नयेत, तार तुटली की तेवढा पट्टा कायमचा निकामी होतो.

कोल्हापूरच्या चालकाला हे सगळं इतरांपेक्षा जास्त लागतं, कारण दोन-तीन तासांच्या टप्प्यात त्याला सगळ्या तऱ्हेचे रस्ते भेटतात. पश्चिमेला आंबा, करूळ, भुईबावडा, फोंडा. आजऱ्याकडून गेलं की आंबोली. पूर्वेच्या अंगाने पुणे-बंगळूर महामार्ग. हिवाळ्यात उसाच्या ट्रॉल्या, पावसाळ्यात पंचगंगेचं पाणी. आणि गाड्याही बदलल्या आहेत. एप्रिल २०१९ पासून नव्या मोटारींना एबीएस सक्तीचं झालं. त्याच वर्षी १ जुलैपासून चालकाची एअरबॅग, बेल्टची आठवण देणारा आवाज, वेगाचा इशारा आणि मागचे पार्किंग सेन्सर आले. २०२२ च्या सुरुवातीपासून शेजारच्या सीटलाही एअरबॅग आवश्यक झाली. ड्रायव्हिंग स्कूलमध्ये मात्र अजून क्लच, ब्रेक, गिअर आणि आठचा आकडा यांच्यापलीकडे गाडी फारशी जात नाही. शोरूममध्ये गाडी ताब्यात देताना पेढे, हार, फोटो होतात आणि पंधरा मिनिटांत सगळी बटणं दाखवून संपतात. माहितीपुस्तक प्लॅस्टिकच्या पिशवीतच राहतं.

घाट उतरण्यापासून सुरुवात करू. अनेक अनुभवी माणसंही उतारावर गाडी न्यूट्रल करून सोडतात, पेट्रोल वाचतं म्हणून. ही समजूत कार्ब्युरेटरच्या जमान्यातली आहे. आजच्या फ्युएल इंजेक्शनच्या गाडीत, गिअरमध्ये असताना ॲक्सिलरेटरवरचा पाय काढला की इंजिनाला जाणारं इंधनच थांबतं, कारण उतरणारी चाकंच इंजिन फिरवत असतात. न्यूट्रलमध्ये मात्र इंजिन बंद पडू नये म्हणून इंधन जळत राहतं. म्हणजे न्यूट्रलने वाचत काहीच नाही, उलट इंजिनाचा रोध गमावला जातो आणि सगळा भार ब्रेकवर पडतो.

ब्रेक सतत दाबून ठेवला की पॅड आणि डिस्क तापतात. आधी जळका वास येतो, मग पॅडल दाबूनही गाडी पहिल्यासारखी आवरत नाही. ब्रेक ऑइल जुनं असेल तर त्याने हवेतलं पाणी शोषलेलं असतं. ते तापून त्याची वाफ झाली की पॅडल स्पंजासारखं आत जातं. म्हणूनच बहुतेक कंपन्या ते साधारण दोन वर्षांनी बदलायला सांगतात, गाडी कमी चालली असली तरी. तेलातलं पाणी नुसतं बघून जाणत्या मिस्त्रीलाही कळत नाही, ते टेस्टरने तपासावं लागतं. गाडी पावसाळ्याआधी एकदा त्याच्यापुढे उभी करावी.

घाट चढताना जो गिअर लागला असता, उतरतानाही त्याच गिअरमध्ये गाडी ठेवावी; तीव्र उतारावर दुसरा. ब्रेक वळणाआधी ठामपणे दाबावा आणि सोडावा, त्याला श्वास घ्यायला वेळ द्यावा. ऑटोमॅटिक गाडीचे मालक इथे अडखळतात. ‘डी’ मध्ये ठेवलं की झालं, असं त्यांना वाटतं. लिव्हरवरची ‘एल’, ‘एस’, ‘२’ किंवा ‘प्लस-मायनस’ ही खूण नेमकी याच कामासाठी आहे. एएमटी गाडीत लिव्हर ‘एम’ कडे ढकलून दुसरा किंवा तिसरा गिअर धरून ठेवता येतो. काही गाड्यांत स्टिअरिंगमागच्या पाकळ्यांनी हेच होतं. इलेक्ट्रिक गाडीत ब्रेकचं बरंचसं काम मोटारच करते आणि ती ऊर्जा बॅटरीत परत जाते. पण बॅटरी काठोकाठ भरलेली असेल तर ती ऊर्जा ठेवायला जागा नसते आणि हा रोध कमी मिळतो. पन्हाळ्यावर किंवा घाटमाथ्यावर मुक्काम असेल आणि सकाळी उतरायचं असेल, तर चार्जिंग शंभर टक्क्यांच्या थोडं अलीकडे थांबवावं.

आणि इंजिन बंद करून उतार उतरणं तर कधीच नको. इंजिन थांबलं की ब्रेकला मदत करणारी व्हॅक्यूमची ताकद दोन-तीन दाबांत संपते, पॅडल दगडासारखं होतं आणि स्टिअरिंग जड पडतं. चावी पूर्ण मागे फिरवली तर स्टिअरिंग लॉकही होऊ शकतं.

एबीएसबद्दल एकच सांगणं. जोरात ब्रेक दाबल्यावर पायाखाली पॅडल थरथरतं, खडखड असा आवाज येतो. कित्येक जण काहीतरी बिघडलं म्हणून घाबरून पाय उचलतात. ती थरथर म्हणजे एबीएस काम करतंय. चाक जाम होऊ लागलं की ते ब्रेक सेकंदात अनेकदा सोडून पकडतं, त्यामुळे ब्रेक पूर्ण दाबलेला असतानाही गाडी वळवता येते. म्हणून पाय उचलू नये, पंप करू नये, पूर्ण दाबून मोकळ्या बाजूला स्टिअरिंग वळवावं. खडीवर मात्र थांबायला अंतर जास्त लागू शकतं. महामार्गाच्या सहापदरीकरणाच्या कामात जागोजागी वळवलेल्या रस्त्यांवर खडी असते, तिथे एबीएसच्या भरवशावर वेग ठेवू नये. मोकळं मैदान आणि मागेपुढे कुणी नाही असं पाहून ताशी तीस-चाळीसच्या वेगात एकदा जोरात ब्रेक दाबून ती थरथर अनुभवावी. गरज पडेल तेव्हा पाय बिचकत नाही.

आंबा घाटात धुकं उतरलं की आणखी एक चुकीची सवय दिसते. चारही इंडिकेटर लावून रांगच्या रांग चाललेली असते. चार इंडिकेटर म्हणजे ‘माझी गाडी थांबली आहे, सांभाळा’ असा इशारा. चालत्या गाडीने ते लावले की मागच्याला ती थांबलीय की चाललीय ते कळत नाही, आणि बऱ्याच गाड्यांत तेवढ्या वेळात वळण्याचा इंडिकेटरही देता येत नाही. धुक्यात डिपर आणि फॉग लॅम्प लावावेत. अप्पर लावला तर उजेड धुक्यावरून परत डोळ्यांत येतो आणि समोर पांढरी भिंत उभी राहते. काही गाड्यांना मागेही लाल फॉग लॅम्प असतो. दाट धुक्यात तो फार उपयोगी, पण धुकं सरल्यावर विसरून चालू ठेवला तर मागच्या चालकाचे डोळे दिपतात.

आता बेल्ट आणि एअरबॅग. या विषयावर सगळ्यात जास्त बोलायला हवं, कारण गैरसमज इथेच सगळ्यात महाग पडतात.

३ जून २०१४ रोजी दिल्लीत केंद्रीय मंत्री गोपीनाथ मुंडे यांच्या मोटारीला दुसऱ्या गाडीची धडक बसली आणि त्यात त्यांचा मृत्यू झाला. ते मागच्या सीटवर होते आणि बेल्ट लावलेला नव्हता. सगळा महाराष्ट्र हळहळला, पण मागच्या सीटचे बेल्ट सीटखालीच दडपलेले राहिले. ४ सप्टेंबर २०२२ रोजी पालघर जिल्ह्यात चारोटीजवळ, सूर्या नदीच्या पुलावर उद्योगपती सायरस मिस्त्री यांची गाडी कठड्यावर आदळली. गाडी महागडी, सुरक्षिततेत नावाजलेली. पुढचे दोघे जबर जखमी होऊन वाचले, मागे बेल्टविना बसलेले मिस्त्री आणि त्यांचे सहप्रवासी गेले. धडकेत मागचा मोकळा माणूस पुढे फेकला जातो आणि पुढच्या सीटवर बेल्ट लावून बसलेल्यालाही चिरडू शकतो. कायद्यात मागच्यांनाही बेल्ट बंधनकारक आहे, न लावल्यास एक हजार रुपये दंड आहे. सीटकव्हर बसवताना मागचे बक्कल खाली गेले असतील तर आजच ते वर काढावेत. पाचही जणांना ते हाताला सापडले पाहिजेत.

बेल्ट न लावता आवाज बंद करण्यासाठी नुसती क्लिप मिळते. बक्कलमध्ये खोचली की गाडी फसते. मे २०२३ मध्ये केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने अशा क्लिप विकणाऱ्या पाच ऑनलाइन कंपन्यांवर कारवाई केली आणि १३,११८ जाहिराती काढून टाकायला लावल्या. रस्त्याकडेच्या दुकानांत ती कुणी पुढे केली तर घेऊ नये आणि गाडीत आधीपासून असेल तर फेकून द्यावी. एअरबॅग आहे म्हणून बेल्ट नको, हा तर्क जिवावर बेतणारा आहे. एअरबॅग पापणी लवायच्या आत फुगते आणि लगेच रिकामी होऊ लागते. बेल्ट नसलेला माणूस ती पूर्ण फुगण्याआधीच तिच्यावर जाऊन आदळतो. छाती आणि स्टिअरिंगमध्ये वीतभरापेक्षा जास्त, साधारण पंचवीस सेंटिमीटर अंतर हवं. उंचीने कमी असलेल्या चालकांनी सीट पुढे ओढण्याआधी सीटची आणि स्टिअरिंगची उंची जुळवून पाहावी.

डॅशबोर्डवरची अंबाबाई किंवा जोतिबाची मूर्ती कोल्हापूरच्या गाडीत असतेच. श्रद्धेचा मान राखूनच एक गोष्ट पाहावी: शेजारच्या सीटसमोर डॅशबोर्डवर ‘एअरबॅग’ अशी उठावाची अक्षरं असतात, त्या झाकणावर मूर्ती, अत्तराची बाटली, मोबाइलचा स्टँड काहीही चिकटवू नये. एअरबॅग उघडली की ती वस्तू गोळीसारखी समोरच्याच्या तोंडावर येते. चालकाच्या बाजूला, स्टिअरिंगच्या झाकणापासून दूर, मूर्तीला सुरक्षित जागा काढता येते. तीच काळजी सीटकव्हरची. सीटच्या कडेला एअरबॅगची चिठ्ठी शिवलेली असेल तर तिथे एअरबॅग आहे, वरून घट्ट कव्हर चढवलं तर ती फाटून बाहेर येऊ शकत नाही. त्या बाजूला सैल शिवण असलेलं कव्हरच मागावं. पुढचे लोखंडी बंपर तर २०१७ च्या अखेरीस केंद्राने बेकायदा ठरवले आहेत. धडकेचा धक्का सेन्सरपर्यंत नीट पोहोचत नाही, हे त्यामागचं एक कारण.

लहान मूल पुढच्या सीटवर किंवा आईच्या मांडीवर बसवणं थांबलंच पाहिजे. डिसेंबर २०२४ मध्ये नवी मुंबईत वाशीला पुढच्या सीटवर बसलेल्या सहा वर्षांच्या मुलाचा एअरबॅग उघडून बसलेल्या धक्क्याने मृत्यू झाला. एअरबॅग मोठ्या माणसाच्या छातीचा अंदाज घेऊन बनवलेली असते, ती मुलाच्या मानेवर आणि तोंडावर बसते. मुलांची जागा मागे. मागच्या सीटची पाठ आणि बैठक जिथे मिळतात तिथल्या फटीत हात घातला तर लोखंडी कड्या लागतात. त्या आयसोफिक्सच्या, मुलांची सीट त्यांत खटकन बसते. कित्येक घरांत गाडी पाच वर्षं वापरली तरी या कड्यांना कुणाचा हात लागलेला नसतो. मागच्या दाराच्या कडेला, कुलपाशेजारी, चाइल्ड लॉकचा छोटा खटका असतो. मुलं असताना तो लावावा. चालकाच्या दारावरचं काचा लॉक करणारं बटणही दाबून ठेवावं, कारण अडथळा आला की आपोआप खाली जाणारी काच बऱ्याच गाड्यांत फक्त चालकाच्या बाजूलाच असते. आणि सनरूफमधून मुलांना उभं करणं मिरवणुकीतही नको.

दिवाळीनंतर गळीत हंगाम सुरू झाला की रात्रीचा रस्ता बदलतो. कागल, शिरोळ, करवीर, कुठेही जा, समोर डबल ट्रॉली असते. मागे लाल दिवा नाही, रेडियम मातीने किंवा उसाच्या पाचटाने झाकलेलं, वाढे बाहेर लोंबलेले. ट्रॉलीवाल्यांनी रेडियम लावावं हे खरंच, पण मोटारचालकाच्या हातातही काही आहे. स्टिअरिंगच्या उजव्या बाजूला, खाली, ० ते ३ असे आकडे असलेलं छोटं चाक बऱ्याच गाड्यांत असतं. त्याने हेडलाइटचा झोत वरखाली होतो. गाडीत एकटाच माणूस असेल तर ०. मागे तीन माणसं आणि डिकीत सामान असेल तर गाडीचा पुढचा भाग उचलला जातो आणि डिपरसुद्धा समोरच्याच्या डोळ्यांत जातो, तेव्हा २ किंवा ३. मागच्या गाडीचा प्रकाश डोळ्यांत येत असेल तर आतल्या आरशाखालची छोटी पट्टी ओढावी, आरसा मंद होतो.

नव्या गाड्यांत आडास येतं: समोरच्या गाडीपासून अंतर राखणारं, आपोआप ब्रेक लावणारं, पट्टा सोडला की स्टिअरिंग सावरणारं. त्याचा कॅमेरा आतल्या आरशामागे असतो, रडार पुढच्या बंपरमध्ये किंवा कंपनीच्या चिन्हामागे. आरशाला लटकवलेलं गोंड्याचं तोरण, चिखल, दसऱ्याला पूजेनंतर तसाच राहिलेला झेंडूचा हार यांनी त्याची नजर अडते. खंडेनवमीची पूजा झाली की निघण्याआधी हार उतरवून ठेवावा. पट्टे पुसलेले रस्ते, मुसळधार पाऊस, बिनदिव्याची उसाची ट्रॉली, बैलगाडी, या गोष्टी यंत्र वेळेत ओळखेलच असं नाही. क्रूझ कंट्रोलही ओल्या रस्त्यावर, घाटात आणि कामं चालू असलेल्या महामार्गावर बंद ठेवावा. ताशी ८० च्या वर गेल्यावर अधूनमधून आणि १२० च्या वर सतत वाजणारा इशारा बिघाड नाही, तो नियमानेच बसवलेला आहे.

चिन्हांच्या बाबतीत रंग लक्षात ठेवले तरी निम्मं काम होतं. लाल म्हणजे थांबा. लाल तेलाची किटली दिसली की बाजूला घेऊन इंजिन लगेच बंद. ‘गॅरेज जवळच आहे’ म्हणत दोन किलोमीटर गेलं तर इंजिन उघडावं लागतं. लाल थर्मामीटर लागला तर थांबून थंड होऊ द्यावं, रेडिएटरचं झाकण गरम असताना उघडू नये. वर्तुळातलं लाल उद्गारचिन्ह हँडब्रेक उतरवल्यावरही जात नसेल तर ब्रेक ऑइल पाहावं. पिवळं चिन्ह म्हणजे लवकर दाखवून घ्या. बीएस-६ डिझेल गाडी रोज फक्त राजारामपुरी ते शिवाजी चौक एवढीच फिरत असेल तर तिच्या सायलेन्सरमधला काजळीचा फिल्टर तुंबतो आणि पिवळा दिवा लागतो. आठवड्यातून एकदा महामार्गावर पंधरा-वीस मिनिटं एका वेगाने चालवली की बहुतेकदा तो स्वतःच मोकळा होतो.

पन्हाळ्याच्या उतारावर ऑटोमॅटिक गाडी लावताना क्रम असा: ब्रेकवर पाय, लिव्हर न्यूट्रल, हँडब्रेक, पाय अलगद सोडून गाडी हँडब्रेकवर ठरू द्यायची, पुन्हा ब्रेक दाबून मग ‘पी’. थेट ‘पी’ टाकलं तर सगळं वजन गिअरबॉक्समधल्या एका दात्यावर येतं. बटणाने चालू होणाऱ्या गाडीच्या रिमोटची बॅटरी संपली तर घाबरू नये. रिमोटच्या पोटात दाराची चावी असते, आणि रिमोट स्टार्टच्या बटणाला टेकवून ब्रेक दाबला की बहुतेक गाड्या चालू होतात.

राहिलं पुराचं पाणी. इंजिन पाण्यात बंद पडलं तर पुन्हा स्टार्टर मारू नये. हवेच्या वाटेने आत गेलेलं पाणी दाबलं जात नाही, त्याने कनेक्टिंग रॉड वाकतो, आणि इंजिनासाठी वेगळं विमासंरक्षण घेतलं नसेल तर साध्या पॉलिसीत हा खर्च बहुधा मिळत नाही. फूटभर वाहतं पाणीही छोटी गाडी ढकलू शकतं. गाडी अडकलीच तर आधी बेल्ट सोडावा आणि विजेवर चालणारी काच लगेच, वीज आहे तोवर, खाली घ्यावी. सेंट्रल लॉकमुळे दार अडलं तर हाताने उघडायची सोय २०१९ च्या जुलैपासूनच्या गाड्यांत असते. ती आपल्या गाडीत कशी आहे, हे घराच्या अंगणातच पाहून ठेवावं. बाजूच्या काचा कोपऱ्यात हातोडीने फुटतात, समोरची फुटून वेगळी होत नाही. छोटी हातोडी दाराच्या खणात ठेवावी, डिकीत नाही. महामार्गावर मदतीसाठी १०३३ आणि कुठेही ११२ हे क्रमांक घरच्या सगळ्यांच्या फोनमध्ये असावेत. राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेची इशारा पातळी ३९ फूट आणि धोका पातळी ४३ फूट आहे. पावसाळ्यात प्रशासन पाण्याची पातळी आणि बंद झालेले रस्ते रोज जाहीर करतं, ते पाहूनच गाडी बाहेर काढावी.